शास्त्रीय संगीत फुकट आणि रीतसर उतरवून घ्यायचं तर: यादीपासून कानापर्यंत

डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव संपला की पुढचे काही दिवस पुण्यात एकच चौकशी चालू असते: 'तो मारवा राग डाउनलोडला कुठे मिळेल हो?' कुणीतरी उत्साहाने लिंक पाठवतं. ती उघडली की हिरवं बटण, ते दाबलं की दुसरं हिरवं बटण, आणि शेवटी फोनमध्ये मारव्याच्या जागी एखादं भलतंच अ‍ॅप येऊन बसतं. ज्यांना यातून फाइल मिळते त्यांचीही तऱ्हा फार वेगळी नसते. सदाशिव पेठेतल्या एका काकांनी मला कौतुकाने पेनड्राइव्ह दाखवला होता. आत चारशेच्या वर फाइली, आणि निम्म्यांची नावं 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. 'काका, यातलं ऐकलंत किती?' असं विचारलं तर म्हणाले, 'अरे, सापडलं तर ऐकू ना!'

चूक शोधण्यात कमी असते, क्रमात जास्त असते. लोक आधी उतरवतात आणि मग 'हे काय आहे' ते बघतात. खाली उलटा क्रम दिला आहे. पायरी गाळू नका. विशेषतः पाचवी आणि सहावी, कारण कंटाळा नेमका तिथेच येतो.

१. इंटरनेट उघडण्याआधी यादी

कागद घ्या. त्यावर जास्तीत जास्त पाच नावं लिहा: कलाकार, राग, आणि ठाऊक असेल तर चीज, म्हणजे बंदिश. 'किराणा घराणं' ही नोंद फार मोठी आहे. 'अब्दुल करीम खाँ, झिंझोटी, ठुमरी' ही नोंद शोधता येते.

काय लिहावं ते सुचत नसेल तर आठवडाभर आकाशवाणीची 'रागम' वाहिनी लावून ठेवा. ती २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देते आणि आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅपवर ऐकता येते. तिथून फाइल मिळत नाही, पण निवेदक कलाकार, राग, ताल आणि चीज स्वच्छ सांगतात. ते टिपून घेतलं की यादी आपोआप होते.

आता खरं काम. प्रत्येक नावापुढे त्याची रोमन स्पेलिंगं लिहा. जुन्या रेकॉर्डच्या लेबलांवर आणि त्या चढवणाऱ्या लोकांच्या हातून एकाच नावाची चार रूपं झालेली असतात. करीम हे एक 'आय' घालून सापडतं, तसंच दोन 'ई' घालूनही सापडतं. हिराबाई बडोदेकर हे आडनाव 'ड' ऐवजी 'आर' ने लिहिलेलं जास्त मिळतं. मालकंस, मालकौंस, मालकोश. भीमपलास आणि भीमपलासी. यमन, इमन, कल्याण. ख्याल आणि खयाल. शिवाय मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर (पुढे नुसतं '७८' म्हटलंय) नावाआधी 'प्रोफेसर', 'मास्टर', 'मिस' असली बिरुदं असत, त्यामुळे 'पंडित' किंवा 'उस्ताद' जोडून शोधलंत तर जुनं बरंच काही हाताला लागत नाही. बिरुद काढून शोधा.

> तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे निदान दोन स्पेलिंगं आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका. 'काहीच मिळत नाही' ही तक्रार दहातल्या आठ वेळा इथूनच निघते.

२. कुणाची मालकी, हे आधी पाहा

ही पायरी लोकांना वकिली वाटते. नियम मात्र पाच मिनिटांत समजण्याजोगा आहे.

भारतात ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट साठ वर्षं चालतो, आणि ती साठ वर्षं मुद्रण प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६० साली बाजारात आलेली रेकॉर्ड २०२० च्या ३१ डिसेंबरला मोकळी झाली. १९७० ची २०३० अखेर होईल. कागदावर यादीशेजारी ही वजाबाकी करून ठेवा.

इथे तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, साल कोणतं धरायचं? सीडीच्या मागे २००३ छापलं असेल तर ते सीडीचं साल झालं. मूळ रेकॉर्ड १९३५ ची असू शकते. उलटही होतं: गायक १९५० च्या दशकात गायले, पण ते मुद्रण कॅसेटवर पहिल्यांदा १९८५ ला आलं. मोजणी प्रसिद्धीपासून आहे, गाण्यापासून नाही.

दुसरं, खासगी मैफिलीची रेकॉर्डिंगं. कुणाच्या तरी घरच्या बैठकीत टेपरेकॉर्डर लावलेला होता आणि ती टेप आता नेटवर फिरते. ती कधी रीतसर प्रसिद्ध झालीच नाही, त्यामुळे तिला वरचा हिशोब लावता येत नाही. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो. महोत्सवाच्या मांडवात मांडीवर फोन ठेवून केलेलं रेकॉर्डिंग तर सोडूनच द्या.

तिसरं, रचना. पारंपरिक बंदिशींच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही, पण नाट्यसंगीतात येतो. शब्द आणि चाल यांच्यावर त्या त्या व्यक्तीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. 'स्वयंवर' या संगीत नाटकाचं उदाहरण घ्या: पदं कृ. प्र. खाडिलकरांची, ते १९४८ ला गेले, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ ला गेले. दोन्ही मोकळं. संगीतकार मास्टर कृष्णराव १९७४ ला गेले, तेव्हा त्यांच्या चालींवरचा हक्क २०३४ अखेरपर्यंत आहे, रेकॉर्ड कितीही जुनी असो.

बरीचशी संकेतस्थळं अमेरिकेत आहेत आणि तिथला हिशोब निराळा आहे. १९२३ ते १९४६ मधल्या रेकॉर्डना तिकडे शंभर वर्षं लागतात. म्हणून आपल्याकडे मोकळी असलेली रेकॉर्ड तिकडच्या स्थळावरून एखाद्या दिवशी गायब झाली तर नवल नाही.

याशिवाय 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना असतो. कलाकाराने किंवा संस्थेने स्वतःहून 'घ्या' म्हटलेलं असतं, बहुधा अटी घालून: नाव द्या, धंद्याला वापरू नका, वगैरे. अशी मुद्रणं कालची असली तरी चालतात.

> सावधान: यूट्यूबची लिंक टाकली की एमपीथ्री काढून देणारी स्थळं या लेखात नाहीत. ती यूट्यूबच्या अटींत बसत नाहीत, आणि फोनमध्ये नको ते शिरतं ते बहुतेक वेळा याच दारातून.

३. कुठे शोधायचं

ठिकाणं भरपूर आहेत. कामाची थोडी आहेत.

इंटरनेट अर्काइव्ह. सुरुवात इथूनच करा. जुन्या हिंदुस्थानी रेकॉर्डचं सर्वांत मोठं फुकट भांडार बहुतेकांना इथेच सापडेल, आणि फाइल उतरवायला खातंही लागत नाही. पण इथे कुणीही काहीही चढवू शकतं. फाइल तिथे आहे याचा अर्थ ती मोकळी आहे असा होत नाही. दुसऱ्या पायरीतली वजाबाकी तुम्हीच करायची आहे. अर्काइव्हच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड जपण्याच्या प्रकल्पावर २०२३ मध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी दावाही लावला होता.

विकिमीडिया कॉमन्स. संग्रह लहान, पण प्रत्येक फाइलखाली परवाना स्पष्ट लिहिलेला. इथल्या बऱ्याच फाइली 'ऑग' प्रकारात असतात. फोनचा नेहमीचा प्लेअर त्या वाजवत नसेल तर व्हीएलसी टाका, तो फुकट आहे आणि सगळं वाजवतो.

सरागा. हे नाव शिकणाऱ्यांनी जरूर लिहून घ्यावं. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठाच्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचा एक संग्रह संशोधनासाठी तयार झाला आणि तो 'झेनोडो' या स्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवला आहे. सोबत षड्जाची (म्हणजे 'सा'ची) पट्टी, सम (तालाची पहिली मात्रा), लय आणि गाण्याचे भाग यांच्या नोंदी आहेत. झिप फाइल अवजड आहे. ती उतरवायला घरचं वायफाय आणि रात्र, दोन्ही लागतात.

फक्त ऐकण्यासाठी. विक्रम संपत यांनी सुरू केलेलं 'अर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक' जुन्या ७८ च्या रेकॉर्ड ऐकवतं. प्रसार भारती आणि संगीत नाटक अकादमी यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर अस्सल माल आहे. तो तिथेच ऐका, ओढून काढायचा प्रयत्न करू नका.

पाश्चात्त्य अभिजात संगीत हवं असेल तर काम सोपं आहे, कारण शोध नावावर अडत नाही, क्रमांकावर चालतो. बाखच्या रचनांना 'बीडब्ल्यूव्ही' क्रमांक, मोझार्टच्या रचनांना 'के', बाकी बहुतेकांना 'ओपस' क्रमांक. क्रमांक टाका, रचना सापडते. 'म्युझोपेन'वर फुकट खातं काढलं की दिवसाला ठरावीक फाइली मिळतात. 'आयएमएसएलपी' मुळात नोटेशनचं ग्रंथालय आहे, पण तिथे ध्वनिमुद्रणंही आहेत. सभासद नसाल तर डाउनलोडआधी काही सेकंद थांबवतात, तेव्हा बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पियानोवादक किमिको इशिझाका यांनी वाजवून २०१२ मध्ये सगळे हक्क सोडून जगाला दिलं. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी: मुद्रण उत्तम, कायद्याची कटकट शून्य.

एक लक्षात ठेवा. बेथोव्हेन १८२७ ला गेला, म्हणून त्याची रचना मोकळी आहे. २०१५ साली एखाद्या वाद्यवृंदाने ती वाजवून काढलेली सीडी मोकळी नाही.

४. अर्काइव्हच्या पानावर नेमकं काय करायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

शोधपेटीत कलाकाराचं एक स्पेलिंग टाका. निकाल आले की बाजूच्या गाळण्यांतून माध्यम म्हणून 'ऑडिओ' निवडा. नाहीतर पुस्तकं, जुनी मासिकं आणि व्हिडिओ यांच्या ढिगात गाणं सापडत नाही. मग दुसरं स्पेलिंग, मग तिसरं. त्यानंतर फक्त राग टाकून शोधा. बऱ्याच जणांनी कलाकाराचं नाव शीर्षकात न घालता वर्णनात घातलेलं असतं.

एखादी नोंद उघडली की गाणं लावण्याआधी खाली जाऊन तीन गोष्टी वाचा. चढवणारा कोण आणि त्याने आणखी काय चढवलंय? ज्याच्या पानावर जुन्या रेकॉर्डच रेकॉर्ड आहेत आणि प्रत्येकीला क्रमांक दिलाय, तो माणूस संग्राहक असतो, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ज्याच्या पानावर आज मल्लिकार्जुन मन्सूर, उद्या नव्या सिनेमाची गाणी, परवा क्रिकेट, त्याच्या नोंदीतल्या राग-तालावर विसंबू नका. दुसरं, हक्काची ओळ. तिसरं, लेबलाचा फोटो. तो असेल तर मोठा करून पाहा. कंपनी, रेकॉर्ड क्रमांक, रागाचं नाव सगळं त्यावर असतं, आणि कुणी टाइप केलेल्या माहितीपेक्षा छापील लेबल जास्त खरं.

आता उजवीकडची डाउनलोडची यादी. तिथे एकाच गाण्याचे पाच-सहा प्रकार दिसतात:

- फ्लॅक: काहीही न गाळता दाबलेली फाइल. सीडीच्या दर्जाचं तासभर संगीत साधारण ३०० एमबी.
- एमपीथ्री ३२० केबीपीएस (सेकंदाला किती किलोबिट; आकडा मोठा तितका दर्जा वरचा): तासाला १४४ एमबी.
- एमपीथ्री १२८: तासाला ५८ एमबीच्या आसपास.
- ६४: बोलण्यासाठी ठीक. गाण्यासाठी नको.
- टोरंट (तुकड्यातुकड्याने उतरवण्याची पद्धत): मोठा संच असेल आणि वीज किंवा नेट मध्येच जात असेल तर हा प्रकार उपयोगी, कारण राहिलं तिथून पुढे सुरू होतं.

कोणता घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे. ७८ च्या रेकॉर्डसाठी फ्लॅकचा हट्ट बाळगू नये. मूळ लाखेच्या तबकडीतच वरच्या पट्टीतले बारीक ध्वनी फारसे उतरलेले नाहीत, तेव्हा चांगली एमपीथ्री पुरते. एलपीवरून (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डवरून) किंवा टेपवरून केलेल्या लांब मुद्रणाला मात्र फ्लॅक घ्या, कारण तिथे तानपुरा ऐकू येतो आणि तो टिकवायचा आहे.

अर्काइव्हच्या ७८ प्रकल्पातल्या नोंदीत आणखी एक भानगड दिसेल. एकाच तीन मिनिटांच्या गाण्याच्या आठ-दहा फाइली. ती चूक नाही. तबकडी वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी वाजवून प्रत्येक वेळी स्वतंत्र मुद्रण केलेलं असतं, शिवाय ध्वनी समतोल केलेली आणि न केलेली अशा दोन तऱ्हा. सगळ्या उतरवू नका. तंत्रज्ञाने जी पसंत केली तिची प्रत साध्या, वाचता येईल अशा नावाने ठेवलेली असते. आकडे आणि आद्याक्षरं लावलेली लांबलचक नावं सोडून ती एक घ्या.

> सावधान: 'सगळं एकदम' अशी झिप पहिल्या भेटीत कधीही घेऊ नका. आधी एक फाइल. ती पुढच्या पायरीत उत्तीर्ण झाली तरच बाकीच्या.

५. एक फाइल, आणि तिची परीक्षा

फाइल आली. फोल्डरमध्ये टाकायची घाई नको. आधी शेपूट, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटची प्रकाराची अक्षरं, बघा: एमपीथ्री, फ्लॅक, ऑग, वेव्ह यांपैकी काही असेल तर ठीक. शेवटी ईएक्सई किंवा एपीके असेल तर न उघडता पुसून टाका. गाणं त्या प्रकारात येतच नाही.

मग लांबी. लांबी बरंच काही सांगते. ७८ ची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असते. '१९३० ची मूळ रेकॉर्ड' म्हणून दिलेली फाइल बावीस मिनिटांची असेल तर एक तर अनेक बाजू जोडल्यात, नाहीतर ती एलपीची बाजू आहे आणि साल चुकलंय. साल चुकलं की दुसऱ्या पायरीतला हिशोबही चुकला.

मग आकार. तीन मिनिटं, १२८ केबीपीएस म्हणजे साधारण २.९ एमबी. फाइल ४०० केबीची असेल तर ती अर्धवट उतरली आहे. पुन्हा घ्या.

आता कान. हेडफोन लावून तीन ठिकाणं ऐका: सुरुवात, मध्य, शेवट. फक्त सुरुवात ऐकणाऱ्याला शेवटची तान कापली गेलेली महिन्याने कळते. जुन्या रेकॉर्डच्या शेवटी कधी कधी कलाकार स्वतःचं नाव सांगतो. गायिका गौहरजान यांची ती इंग्रजीतली घोषणा प्रसिद्धच आहे. ती असेल तर कापू नका, तो पुरावा आहे.

खरखर असली तर बिघडत नाही. बिघडतं ते खरखर जास्त साफ केल्याने. कुणीतरी सॉफ्टवेअरने आवाज इतका धुतलेला असतो की गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं आणि तानपुरा नाहीसा होतो. दोन प्रती मिळाल्या तर खरखरीची घ्या. कान पाच मिनिटांत तिला सरावतो.

पट्टीची गोष्ट जरा बारकाईने. ७८ म्हणायचं, पण सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या रेकॉर्ड बरोब्बर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की लय चढते आणि पट्टीही जवळजवळ अर्ध्या सुराने वर जाते. गायिकेचा आवाज चिरका, तबला घाईत वाटला तर हा संशय घ्या. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर षड्ज जुळवून बघा. तो पेटीच्या काळी दोन आणि पांढरी तीन या पट्ट्यांच्या अधेमधे कुठेतरी लोंबकळत असेल तर वेगाची गडबड असू शकते. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलता येतात, दोन-चार टक्के खाली आणून ऐका. मात्र जुन्या काळी कलाकारांच्या पट्ट्या मुळात उंचच असत, शिवाय तेव्हाची पेटी आजच्या पट्टीत असेलच असं नाही. म्हणून हा अंदाजच. बदललेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका.

राहिला राग. चढवणाऱ्याने लिहिलेला राग हा त्याचा अंदाज असू शकतो. भूप आणि देशकार यांचे सूर तेच. भूपात गंधारावर ('ग'वर) वजन, देशकारात धैवतावर ('ध'वर). मारवा, पूरिया, सोहनी हे त्रिकूट तर जाणकारांनाही घटकाभर थांबवतं. शंका आली तर 'स्वरगंगा'वर रागाची माहिती आणि बंदिशी आहेत, त्या ताडून बघा. किंवा क्लासला गेलात की तीन मिनिटं गुरुजींना ऐकवा. पुण्यात राहून हे न करणं म्हणजे कमाल आहे.

> तपासा: शेपूट, लांबी, आकार, तीन ठिकाणी कान, पट्टी, राग. सहाही जमलं तरच नाव द्यायला घ्या.

६. नाव: फोल्डरमध्ये टाकण्याआधी

'सगळं उतरवून झालं की एकदा बसून नावं देऊ' असं म्हणणाऱ्यांपैकी कुणी नावं दिलेली मला माहीत नाही. एक फाइल, एक नाव, मगच दुसरी फाइल.

नावाचा क्रम ठरवा आणि कधीही बदलू नका. माझा असा आहे: कलाकार, राग, प्रकार, ताल, माध्यम. उदाहरणार्थ 'अब्दुल करीम खाँ – झिंझोटी – ठुमरी – ७८'. ताल माहीत नसेल तर ती जागा सोडा, पण अंदाजाने भरू नका.

फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवलेलं बरं. गाडीतल्या बऱ्याच म्युझिक सिस्टिम देवनागरी दाखवत नाहीत, नुसते चौकोन येतात. फाइलच्या आतल्या माहितीत, म्हणजे टॅगमध्ये, खुशाल देवनागरी भरा. संगणकावर 'एमपीथ्री टॅग' किंवा 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' ही फुकट साधनं यासाठी चालतात. पिकार्डने आपोआप सुचवलेली माहिती आपल्या संगीतासाठी डोळे मिटून स्वीकारू नका. ती यंत्रणा अल्बम ओळखायला बसवलेली आहे, आणि ७८ च्या रेकॉर्डला अल्बम नसतोच. टिपणीच्या रकान्यात मूळ पानाची लिंक आणि परवाना चिकटवा. सहा महिन्यांनी 'हे कुठून आणलं?' असं कुणी विचारलं तर उत्तर फाइलमध्येच असेल.

एकच राग तीन तुकड्यांत आला असेल (आलाप, विलंबित म्हणजे संथ, द्रुत म्हणजे जलद) तर नावाच्या शेवटी १, २, ३ घाला. नाहीतर प्लेअर वर्णानुक्रमे विलंबिताआधी द्रुत वाजवतो.

७. साठवण

पेनड्राइव्ह किंवा कार्ड पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेणार असाल तर बिल घ्या, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा ते खरोखर तेवढं आहे का ते तपासा. १२८ जीबी छापलेल्या नकली कार्डात आत भलतंच कमी असतं. ते भरलं की जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जातात आणि नावं दिसत राहतात, गाणं मात्र वाजत नाही. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं लहानसं साधन कार्ड पूर्ण भरून वाचून बघतं. वेळ लागतो, लागू दे.

'४ जीबीपेक्षा मोठी झिप पेनड्राइव्हवर जात नाही, जागा तर भरपूर आहे' ही तक्रार आली की समजावं, पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा आहे. त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एक्सफॅट करून घ्या. मात्र असं केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आणि जुन्या गाडीतली सिस्टिम एक्सफॅट ओळखेलच असं नाही. म्हणून गाडीसाठी वेगळा लहान फॅट३२ पेनड्राइव्ह आणि त्यात फक्त एमपीथ्री, असं करणं सोयीचं.

दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. 'नेटवर आहेच की' यावर राहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट अर्काइव्ह काही दिवस बंद होतं.

८. ऐकण्याआधीची पाच मिनिटं

प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करा: शफल, क्रॉसफेड आणि इक्वलायझर. शफल राग मोडतो. क्रॉसफेडमुळे विलंबिताच्या शेवटच्या समेवर पुढच्या फाइलची पेटी येऊन आदळते. इक्वलायझरचा 'बास बूस्ट' डग्ग्याला ढोल करतो. एक गोष्ट चालू करा: फाइलींमध्ये खंड न पाडता वाजवणं, ज्याला प्लेअरमध्ये 'गॅपलेस' म्हणतात.

फोनच्या स्पीकरवर तानपुरा ऐकू येत नाही, म्हणजे गाण्याची जमीनच काढून घेतली जाते. साधा तारेचा हेडफोन पुरे. आवाज आलापात जरा कमी वाटेल असा लावा. द्रुतात तबला आला की तो बरोबर होतो. उलट केलंत तर दर दहा मिनिटांनी बटण शोधावं लागतं.

क्रम असा ठेवा: आधी त्या रागातली एक ७८ ची रेकॉर्ड, सलग तीनदा. तीन मिनिटांत मावायचं म्हणून जुन्या लोकांनी आलाप, बंदिश, ताना सगळं घट्ट बांधलेलं असतं. मुखडा कानात बसतो, सम कुठे ते कळतं. मग त्याच रागातलं एखादं लांब मुद्रण. आता विलंबितात वीस मिनिटं काय चाललंय हे हरवत नाही. मग पाहिजे तर मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेच्या 'ऑट्रिम' प्रकल्पाचं पान उघडा: गाणं चालू असताना सुरांचा आलेख पडद्यावर सरकत जातो आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) डोळ्यांना दिसते. हे शेवटी करा. आधी केलंत तर डोळे ऐकू लागतात आणि कान सुट्टी घेतात.

रागाची वेळ पाळावी की नाही, यावर कट्ट्यावर भांडणं होतात. मी पाळतो, पण बसमध्ये पाळत नाही. स्वारगेट ते कात्रज सकाळी नऊला रात्रीचा राग दरबारी लावल्याने कुणाचं नुकसान होत नाही; होतं ते हॉर्नमुळे, कारण मंद्रातलं, म्हणजे खालच्या सप्तकातलं, काही ऐकूच येत नाही. प्रवासात ठुमरी, नाट्यगीत, ७८ च्या रेकॉर्ड. लांब ख्याल घरी, रात्री, किंवा तळजाई टेकडीवर पहाटे.

आवडलेलं दुसऱ्याला द्यायचं असेल तर फाइल पाठवू नका, मूळ पानाची लिंक पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेल्या फाइली पुढे पुढे जाताना त्यांचं नाव गळतं, आणि पाचव्या माणसाकडे पोचेपर्यंत पुन्हा 'ट्रॅक ०१' तयार. परवान्यात नाव देण्याची अट असेल तर लिंकमुळे तीही पाळली जाते.

आणि ऐकताना राग किंवा कलाकार चुकीचा लिहिलाय अशी खात्री पटली तर अर्काइव्हच्या त्या पानाखाली फुकट खातं काढून दोन ओळींची दुरुस्ती लिहा: लेबलावर काय आहे, रेकॉर्ड क्रमांक किती, म्हणून हा राग हा. मराठी कलाकारांच्या नोंदींत अशा दुरुस्त्यांची फार गरज आहे, कारण आडनावांची स्पेलिंगं आणि नाट्यपदांचे पहिले शब्द दूरच्या संग्राहकांना वाचताच येत नाहीत. ते तुम्हाला येतात.